‘पाहता येणे’ आणि ‘कळविले जाणे’ : डॅशबोर्डमधील प्रवेशाधिकारांची समीक्षा (चिपळूणच्या संदर्भात)

डॅशबोर्ड म्हणजे निरनिराळ्या ठिकाणांहून येणारी आकडेवारी आलेख, नकाशे आणि रंगीत चौकटींच्या रूपाने एका पडद्यावर मांडणारी संगणकप्रणाली. धरणांचा पाणीसाठा, रुग्णालयांतील खाटा, पीकपाहणी, विद्यार्थ्यांची उपस्थिती असे जवळजवळ प्रत्येक क्षेत्र आज या पडद्यावर आले आहे. अशा प्रणालींचे मूल्यमापन करताना आलेख किती सुबक आहेत आणि आकडे किती ताजे आहेत, एवढेच बहुधा पाहिले जाते. कोणत्या वापरकर्त्याला काय दिसावे, कोणाला बदल करता यावा आणि कोणाला आतच येता येऊ नये, हे ठरविणारा भाग मात्र निव्वळ तांत्रिक समजून प्रणाली-प्रशासकाच्या स्वाधीन केला जातो आणि काम संपत आले असता घाईने उरकला जातो. वस्तुतः प्रणालीतील सर्वांत राजकीय भाग तोच असतो.

प्रस्तुत लेखात या भागाची, म्हणजे प्रवेशाधिकारांच्या व्यवस्थेची, समीक्षा करावयाची आहे. आज प्रचलित असलेल्या प्रणालींना ‘पाहू शकतो’ आणि ‘पाहू शकत नाही’ एवढी दोनच विधाने करता येतात. ‘याला कळविले गेलेच पाहिजे’ हे तिसरे विधान त्यांच्या अधिकार-व्यवस्थेच्या व्याकरणातच बसत नाही, असे माझे प्रतिपादन आहे. ही उणीव किती महाग पडू शकते हे तपासण्यास चिपळूणइतके योग्य गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

वाशिष्ठीचे पाणी आणि त्याचे आकडे

चिपळूणचा पूर हा केवळ पावसाचा हिशेब नाही. कोयनेचे पाणी निसर्गतः पूर्वेकडे कृष्णेला मिळावयाचे. ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरवून त्यावर वीज निर्माण केली जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळविण्यास मान्य केलेले हे पाणी वर्षाला 67.5 अब्ज घनफूट इतके आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांतून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात येते, तेथून तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहातून जाते आणि त्याचे अवजल अखेर वाशिष्ठीला मिळते. म्हणजे 1,960 मेगावॅट क्षमतेच्या एका प्रकल्पाचे वेळापत्रक आणि कोकणातील एका नदीचा प्रवाह एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यातच शिव नदी शहरातून वाहत येऊन वाशिष्ठीला मिळते, आणि गोवळकोटच्या खाडीपर्यंत समुद्राची भरती चढते. भरतीच्या वेळी नदीचे पाणी ओसरण्यास वाट राहत नाही, हे बाजारपेठेतील प्रत्येक दुकानदाराला पुस्तक न वाचता ठाऊक असते.

आता या पाण्याचे आकडे कोणाकडे असतात ते पाहावे. पर्जन्यमान हवामान विभागाकडे व महसूल यंत्रणेकडे, धरणाची पातळी जलसंपदा विभागाकडे, वीजगृहातील संचांची स्थिती महानिर्मिती कंपनीकडे, विजेची मागणी राज्य भार प्रेषण केंद्राकडे आणि शहरातील पाणी किती चढले याची माहिती नगरपरिषद व तहसील कार्यालयाकडे. पूर एकच असतो, परंतु त्याचे तुकडे निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यावर निराळा अधिकार चालतो.

26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 या दोन्ही दिवशी शहर पाण्याखाली गेले. दुसऱ्या पुरानंतर कोळकेवाडीतून किती वाजता किती पाणी सोडले गेले, त्याचा पुराच्या उंचीशी संबंध किती, यावर दीर्घकाळ वाद झाला. त्या वादाचा निकाल देणे हा या लेखाचा हेतू नाही आणि तो माझा अधिकारही नव्हे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे : हा वाद पाणी ओसरल्यावर झाला. आकडे मात्र त्या दिवशीही अस्तित्वात होते. कोणता संच किती वेळ किती भारावर चालला याची नोंद तर विजेच्या हिशेबासाठी ठेवावीच लागते. ती नोंद नदीकाठी राहणाऱ्या माणसासाठी ठेवलेली नव्हती, एवढाच काय तो फरक.

या आकड्यांना कायद्याने गोपनीयतेचे कवच दिले आहे, असेही नाही. केंद्र शासनाच्या 2018 च्या जल-हवामानविषयक माहिती प्रसार धोरणातील बंधने मुख्यत्वे सिंधू आणि गंगा-ब्रह्मपुत्रा यांसारख्या सीमेपलीकडे जाणाऱ्या खोऱ्यांसाठी आहेत. कोकणातील नद्या त्यांत मोडत नाहीत. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 ने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वतःहून माहिती प्रकट करण्याचे कर्तव्य टाकले आहे. धरण सुरक्षा अधिनियम, 2021 ने तर धरणाच्या मालकावर पूर्वसूचना यंत्रणा उभारण्याची आणि अपेक्षित आवक-विसर्गाची माहिती लोकांसाठी खुली करण्याची जबाबदारी घातली. कायदा ‘कळवा’ म्हणतो. तरीही डॅशबोर्ड उभारताना पहिला प्रश्न ‘हे कोणाला दिसू नये’ असाच का विचारला जातो?

गुपितांची परंपरा

याचे उत्तर या विद्याशाखेच्या जन्मकथेत आहे. संगणकातील प्रवेशनियंत्रणाची सुरुवातीची एक प्रभावी औपचारिक मांडणी अमेरिकी हवाईदलासाठी झाली. 1973 मधील बेल आणि लापाड्यूला यांच्या प्रारूपात खालच्या दर्जाच्या माणसाने वरच्या दर्जाचा कागद वाचू नये आणि वरच्याने खालच्या कागदात लिहू नये, असे दोन मुख्य नियम आहेत. पुढे 1975 मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर यांनी संरक्षणाची आठ तत्त्वे सांगितली. त्यांपैकी किमान अधिकाराचे तत्त्व, म्हणजे कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा हे, आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. आठवे तत्त्व मात्र क्वचितच उद्‌धृत होते : संरक्षणाची यंत्रणा माणसाला सहज वापरता येईल अशी हवी, नाहीतर तो तिला वळसा घालील. आपल्या कार्यालयांत एकाच परवलीच्या शब्दावर सहा जण काम करतात, तेव्हा याच विस्मृत तत्त्वाची प्रचीती येत असते.

1992 मध्ये फेराइओलो आणि कून यांनी भूमिकाधारित नियंत्रणाची कल्पना मांडली आणि रवी संधू व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये तिला शास्त्रीय घडण दिली. अधिकार माणसाला न देता भूमिकेला द्यावा आणि माणसाला भूमिका द्यावी, ही ती कल्पना. लिपिकाची बदली झाली तर भूमिका तशीच राहते, माणूस बदलतो. प्रशासनाच्या दृष्टीने हे फार सोयीचे आहे. परंतु याचमुळे कार्यालयातील उतरंड जशीच्या तशी प्रणालीत उतरते. आस्थापनेच्या पटावर ज्याला पद आहे त्याला भूमिका मिळते. वाशिष्ठीच्या काठी राहणाऱ्याला पद नसते, म्हणून भूमिकाही नसते.

काही प्रणालींचे वाचन

साहित्यकृतीप्रमाणे प्रणालीचे नियमही बारकाईने वाचता येतात, आणि वाचले असता त्यांतील मानवी कल्पना उघड होतात. मेटाबेस ही मुक्तस्रोत प्रणाली घ्या. तिच्यात वापरकर्ता अनेक गटांत असू शकतो आणि त्यांपैकी सर्वांत उदार गटाचा नियम त्याला लागू होतो. प्रत्येक जण ‘सर्व वापरकर्ते’ या गटाचा सदस्य असतोच. त्या गटाची मोकळीक आधी आवळली नाही तर इतर गटांवर घातलेली बंधने कागदावरच राहतात. नवशिक्या प्रशासकाची हमखास फसगत होते ती येथे. टॅब्लो या व्यापारी प्रणालीत नेमके उलटे आहे : एका गटाने परवानगी दिली आणि दुसऱ्याने नाकारली, तर त्या व्यक्तीसाठी स्वतंत्र नियम नसल्यास नकारच टिकतो. एक प्रणाली विश्वासाकडे झुकते, दुसरी संशयाकडे. दोन कार्यालयांत दोन प्रणाली असतील तर ‘परवानगी’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ नांदतात, आणि ते एकमेकांत मिसळतात तेव्हा दोष कोणाचा हे सांगणे कठीण होते.

ग्राफाना ही प्रणाली यंत्रांच्या व संवेदकांच्या मोजमापांसाठी विशेष वापरली जाते. नदीपातळीसारख्या सतत बदलणाऱ्या आकड्यांना ती साजेशी आहे. तिच्यात दर्शक, संपादक आणि प्रशासक अशा मूळ भूमिका आहेत. दर्शकाला ठराविक डॅशबोर्डच दिसतात, असे वरवर वाटते. तथापि तिच्या मूळ रचनेत संस्थेतील कोणताही वापरकर्ता, दर्शकसुद्धा, त्या संस्थेला जोडलेल्या माहितीस्रोताला डॅशबोर्डवर नसलेला प्रश्नही विचारू शकतो. तिच्या निर्मात्यांनी हे लपविलेले नाही. दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे. परंतु दस्तऐवज वाचतो कोण? डॅशबोर्ड ही खिडकी आहे आणि माहितीस्रोत ही कोठी. खिडकीला गज बसवून कोठीचे दार उघडे ठेवण्याचा हा प्रकार होय.

पॉवर बीआय या प्रणालीत ओळीनुसार बंधन घालता येते : चिपळूणच्या माणसाला चिपळूणच्याच ओळी, गुहागरच्या माणसाला गुहागरच्या. हे बंधन कार्यक्षेत्रातील केवळ दर्शकांना लागू होते, संपादनाचा अधिकार असलेल्यांना नाही. सुपरसेट या 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रणालीत अशीच ओळींची सोय आहे. भूमिकांना मात्र ‘अल्फा’, ‘गॅमा’ अशी ग्रीक अक्षरे दिली आहेत. वर्णव्यवस्थेला नवी लिपी मिळाली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा हे बरे.

ओळीनुसार बंधनाचा विचार मात्र थोडा थांबून करावयास हवा, कारण तो सर्वांत निरुपद्रवी वाटतो. प्रत्येकाला आपापल्या हद्दीची माहिती द्यावी, यात वावगे काय? पगारपत्रकाला हे तत्त्व शोभते. नदीला शोभत नाही. चिपळूणच्या नागरिकाला चिपळूणची पातळी पाहण्यासाठी पडद्याची गरज नसते, ती त्याला उंबऱ्यावर दिसते. त्याला हवी असते ती ओळ पोफळीची, कोळकेवाडीची, घाटमाथ्यावरच्या पावसाची. म्हणजे नेमकी ती, जी हद्दीच्या नियमाने त्याच्यापासून वगळली जाते. नदीच्या माहितीत हितसंबंध हद्दीबरोबर न राहता प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात. प्रचलित प्रणालींत हद्दीचा नियम काही क्षणांत लिहिता येतो. ‘वरच्याचा आकडा खालच्याला’ हा नियम लिहिण्यासाठी मात्र प्रशासकाला स्वतःची तालिका रचून बसावे लागते.

याउपर कोणी म्हणेल की या सर्व प्रणालींत इशारा पाठविण्याची सोय आहेच. पातळीने ठराविक मर्यादा ओलांडली की संदेश जातो. सोय आहे हे खरे. परंतु इशारा कोणाला जावा हे ठरविणे हा पुन्हा संपादकाच्या मर्जीचा भाग असतो. त्या यादीतून एखादे नाव गळले तर प्रणाली तक्रार करीत नाही. परवानगी नसताना कोणी पाहिले तर ती त्रुटी मानली जाते. हक्क असताना कोणाला कळविले गेले नाही, तर ती त्रुटी म्हणून कोठेही नोंदली जात नाही. गोपनीयतेच्या भंगाला प्रणालीत जसे नाव आहे, तसे मौनाच्या दोषाला नाही.

फेरफाराच्या नोंदीतील शहाणपण

असे नाव देता येते, याचा पुरावा शोधण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील फेरफाराची पद्धत ही प्रवेशाधिकारांची एक परिपक्व व्यवस्था आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नोंद घेतो. परंतु ती प्रमाणित करण्याचा अधिकार त्याला नाही, तो मंडळ अधिकाऱ्यासारख्या वरिष्ठाचा. सॉल्टझर आणि श्रोडर यांनी ज्याला अधिकारांचे विभाजन म्हटले ते हेच. पुढे संगणकीकृत ई-फेरफारमध्येही हा टप्पा टिकून राहिला.

याहून महत्त्वाची आहे ती या दोन पायऱ्यांमधली पायरी. नोंद घेतल्यावर तिची प्रत चावडीवर लावावी लागते आणि ज्यांचा हितसंबंध आहे असे अधिकार अभिलेखावरून दिसते, त्या सर्वांना लेखी कळवावे लागते. हरकतीसाठी मुदत द्यावी लागते. कळविले नाही, तर प्रमाणित झालेली नोंदही पुढे अपिलात आव्हानास पात्र ठरते. ‘कोणाला कळवावे’ हे येथे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. ते अभिलेखातून निष्पन्न होते आणि न कळविणे हा दोष कृतीच्या वैधतेलाच चिकटतो. डॅशबोर्ड-प्रणालींना जे तिसरे विधान करता येत नाही, ते महसुली कायदा अनेक वर्षे करीत आला आहे.

ही तरतूद औदार्यातून आलेली नाही. रत्नागिरी जिल्ह्यात खोती गावांचा अनुभव ताजा होता. गावचे दप्तर खोताच्या घरी. कुळाला आपल्या नावावर काय लिहिले आहे हे खोत सांगेल तेवढेच कळे. 1880 च्या खोती कायद्यानंतर सर्वेक्षण अधिकाऱ्यांनी कुळांचे हक्क बोटखतात नोंदविले, तेव्हा कुठे दप्तराला दुसरा साक्षीदार मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा 1949 चा. जमिनीच्या त्या लढ्यात दप्तर पाहण्याचा प्रश्न सतत गुंतलेला होता, हे विसरता येत नाही.

फेरफाराची पद्धत व्यवहारात निर्दोष चालते असा दावा मी करीत नाही. नोटिसा उशिरा पोहोचतात, कधी पोहोचतच नाहीत. पण तेथे निदान ‘पोहोचली नाही’ असे म्हणण्यास जागा आहे.

लिहिण्याचा अधिकार

आतापर्यंत पाहण्याविषयी लिहिले. लिहिण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती असल्याचे आपण आधी कळविले होते, असे ग्रामस्थांनी सांगितले. त्यानंतर खेकड्यांनी बांध पोखरला, हे तत्कालीन मंत्र्यांचे विधान महाराष्ट्रभर गाजले. खेकड्यांचे राहो, परंतु गळती प्रथम पाहणारा माणूस कोण होता? बांधावरून रोज जाणारा शेतकरी. कोणत्याही प्रचलित भूमिका-रचनेत त्याला लिहिण्याचा अधिकार नसतो, आणि कारणही रास्त दिले जाते : अप्रमाणित नोंदीमुळे माहिती दूषित होईल. या आक्षेपाला फेरफाराच्या पद्धतीत उत्तर आहे. नोंद कोणालाही करू द्यावी, ती ‘अप्रमाणित’ या शिक्क्यानिशी सर्वांना दिसू द्यावी आणि ती प्रमाणित करणे किंवा कारण देऊन फेटाळणे अधिकाऱ्यावर मुदतीने बंधनकारक करावे. तांत्रिकदृष्ट्या यात कठीण असे काही नाही. कठीण आहे ते, न फेटाळलेली आणि न स्वीकारलेली नोंद अधिकाऱ्याच्या नावासमोर उघडपणे पडून राहणे सोसणे.

माणसाची माहिती आणि नदीची माहिती

हे सारे वाचून सर्वच माहिती खुली करावी असा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका आहे; तो मला मान्य नाही. आपल्या महाविद्यालयांत आज प्रवेशअर्ज, जातप्रमाणपत्रे, शिष्यवृत्तीची खाती, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण हे सर्व एकाच प्रणालीत असते, आणि मूल्यांकन समितीपुढे आलेख ठेवण्यासाठी त्यावर डॅशबोर्ड बांधले जातात. तेथे किमान अधिकाराचे तत्त्व अक्षरशः पाळले गेले पाहिजे. भूगोलाच्या प्राध्यापकाला रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीचे उत्पन्न दिसण्याचे काहीही कारण नाही. पॉवर बीआयमधील ‘वेबवर प्रकाशित करा’ ही आज्ञा वापरली की तो अहवाल दुवा मिळालेल्या कोणालाही प्रवेशनोंदीविना उघडता येतो; संकेतस्थळावर आकर्षक आलेख लावण्याच्या उत्साहात ही आज्ञा देणाऱ्यांनी आलेखामागील तपशीलही आपण खुला करीत आहोत का, हे आधी पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि 2023 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु त्याच कायद्याने माहिती अधिकार अधिनियमातील वैयक्तिक माहितीविषयीच्या अपवादात बदल केला आणि तो नोव्हेंबर 2025 पासून अमलात आला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध असलेली माहिती त्या अपवादाबाहेर राहत असे. आता ‘वैयक्तिक’ एवढा शिक्का पुरेसा ठरतो. व्यापक लोकहिताचे निराळे कलम शिल्लक आहे, तरी ते सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर पडण्याची शक्यता अधिक. विसर्गाची आज्ञा कोणत्या अधिकाऱ्याने किती वाजता दिली, ही माहिती नदीची की व्यक्तीची? ‘व्यक्तीची’ असे उत्तर देण्याचा मोह यापुढे कार्यालयांना वाढत जाईल, अशी मला भीती वाटते.

नदीची माहितीही नेहमी निरुपद्रवी असते असे नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर उमटली की बांधकामाचे निर्बंध येतात आणि जागेची किंमत बदलते. 2021 नंतर चिपळूणमध्ये पूररेषा हा तीव्र वादाचा विषय झाला तो याचमुळे. तेथे नागरिकांची मागणी केवळ नकाशा पाहू देण्याची नव्हती. रेषा कशी आखली, हा त्यांचा प्रश्न होता. नकाशाच्या डॅशबोर्डवर रेषा दिसते, ती ज्या आकड्यांवरून काढली ते नदीचे छेद, गाळाची पातळी आणि गृहीत धरलेला विसर्ग दिसत नाहीत. दर्शकाला निष्कर्ष आणि संपादकाला पुरावा, अशी ही वाटणी आहे. रेषा पुढे सरकली किंवा मागे आली तर जुनी रेषा पडद्यावरून नाहीशी होते. बदल कोणी, केव्हा आणि कोणत्या मोजणीच्या आधारे केला हा इतिहास बहुतेक प्रणाली राखू शकतात. पण तो वाचण्याची परवानगी मात्र प्रशासक या एकाच भूमिकेपाशी ठेवलेली आढळते. ज्याचे घर त्या दोन रेषांच्या मध्ये उभे आहे, त्याला हा इतिहास त्याच पडद्यावर वाचता आला पाहिजे, आणि रेषा हलविण्यापूर्वी फेरफाराप्रमाणेच लेखी नोटीस मिळाली पाहिजे.